बुटकी चौकट

सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून माजघरात शिरताना नचिकेतचं कपाळ चौकटीवर थाडकन आपटलं. कप सुटला नाही, पण चहा अर्धा हातावर आणि अर्धा तातामीच्या चटईवर सांडला. आधी त्याला चटईची काळजी वाटली, मग हाताची, आणि कपाळाकडे लक्ष गेलं ते भुवईवरून काहीतरी ओघळून डोळ्यात आलं तेव्हा. तो तसाच उंबरठ्याशी खाली बसला. लागलं बऱ्यापैकी होतं, पण त्याचं त्याला विशेष नव्हतं. विशेष हे होतं की या घरात तो आजवर कधी आपटला नव्हता. अगदी पहिल्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी घर दाखवताना घरमालकीण हिबिनो-सान पुढे चालत होत्या, आणि प्रत्येक दाराशी थांबून, मागे वळून, स्वतःच्या कपाळावर तळहात मारून म्हणत होत्या, "डोकं, सबनीस-सान, डोकं." त्या स्वतः ताठ मानेनं जायच्या आणि वर हातभर जागा उरायची. घर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, व्यापाऱ्यानं बांधलेलं, त्या काळच्या माणसांच्या उंचीला बेतलेलं. नचिकेतला शाळेत शिडी म्हणायचे. पण पहिल्या महिन्यातच मान शहाणी झाली. त्याला न विचारता, दार आलं की ती वाकायची. काळोखात वाकायची, तापात वाकायची, हातात जेवणाचा ट्रे असताना, फोनवर वाद चालू असताना वाकायची. चौकटीच्या वरच्या लाकडाला तो गणेशपट्टी म्हणायचा, म्हणजे मनातल्या मनात, कारण तिथे गणपती नव्हता आणि लावायलाही परवानगी नव्हती. शहराच्या वारसा विभागानं जपलेलं घर होतं ते. त्यात खिळा ठोकायलाही विचारावं लागे.

आणि आज मान वाकली नाही. त्यानं रुमाल ओला करून कपाळावर धरला आणि मान का वाकली नाही याचा विचार करत बसला. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गेले तीन आठवडे तो तोक्योत फुनाबोरीला होता, केतकीकडे. केतकी म्हणजे त्याची बायको, आणि 'केतकीकडे' हा शब्द आपण कधीपासून वापरायला लागलो हे त्याला आठवेना. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, म्हणून रजा काढून तो गेला होता. मुलीचा डबा, कपडे, कचऱ्याचं वर्गीकरण, डॉक्टर, सगळं त्यानं केलं, आणि बऱ्यापैकी केलं. पहिले काही दिवस तिथल्या फ्लॅटमध्येही तो दाराशी वाकायचा. दारं चांगली उंच, त्याच्या डोक्यावर वीतभर जागा, तरी हा आपला प्रत्येक खोलीत शिरताना नमस्कार केल्यासारखा वाकून जायचा. त्यांच्या मुलीला, आश्लेषाला, त्याची फार मजा वाटली. "बाबा, दारे नि ओजिगी?" ती हसत विचारायची. कुणाला नमस्कार करतोस? मग ती स्वतःही प्रत्येक दाराशी थांबून कमरेत लवून दाखवायची, आणि सोफ्यावर आडवी पडलेली केतकी पोटाचे टाके धरून म्हणायची, "अगं, हसवू नकोस मला, दुखतंय." एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण आता वाकत नाही. कधी थांबलो तेही कळलं नव्हतं. काल दुपारी तो तिथून निघाला आणि संध्याकाळी इथे आला, तेव्हा दमलेला होता, सामान ठेवत-उचलत दर दाराशी वाकूनच आत शिरला, म्हणून वाचला असावा.

म्हणजे मान तिकडची झाली, असं त्याला वाटलं. आणि ते वाटणं आनंदाचं की भीतीचं हे त्याला नीट ठरवता येईना. कारण आजच्या दिवसात त्याला ऑफिसला उत्तर द्यायचं होतं. तोक्योच्या ऑफिसात एक जागा रिकामी झाली होती. तो रजेवर जायच्या आधीच त्याचे साहेब मिझुनो-सान म्हणाले होते, रजा संपते त्या शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवतो. आज शुक्रवार. ही जागा पूर्वीही एकदा आली होती, तेव्हा तो नाही म्हणाला होता. कारण विचारल्यावर त्यानं घराकडे बोट दाखवलं होतं, आणि मिझुनो-साननी आदरानं मान डोलावली होती. जपानी माणसाला एखादी जबाबदारी सांगितली की तो पुढे विचारत नाही. केतकी मात्र पुढे विचारायची. "घराला माणूस लागतं, मान्य," ती म्हणाली होती. "आणि आम्हाला?"

त्या वेळी त्याच्याकडे उत्तर होतं. त्याच्याकडे नेहमी उत्तर असे. बंद घर कुजतं, लाकडाला श्वास घ्यावा लागतो, रोज सकाळी पुढच्या सरकत्या फळ्या उघडून वारा आरपार खेळवावा लागतो, संध्याकाळी त्या लावाव्या लागतात, आणि हे करण्याचं वचन त्यानं हिबिनो-सानना दिलं होतं. त्या घराच्या शेवटच्या वारस. मूलबाळ नव्हतं. गुडघे गेले तेव्हा वृद्धाश्रमात जायची वेळ आली, आणि तेव्हा घर शहराच्या हवाली करताना त्यांनी दोन जपानी कुटुंबांना नाही म्हणून या हिंदुस्थानी इंजिनियरला घर दिलं होतं, नाममात्र भाड्यानं, एवढ्याच अटीवर की रोज उघडायचं. का दिलं, ते त्यांनी सांगितलं नाही. केतकी तेव्हा त्याच्याइतकीच खूश होती. आशू बालवाडीत होती. मातीचा लांबच लांब बोळ, मधलं एवढंसं अंगण, छपरापर्यंत उघडं स्वयंपाकघर, वर काळेभोर वासे. "आपण एखाद्या फोटोत राहायला आलोय," असं केतकी आईला फोनवर सांगायची. मग पहिला हिवाळा आला. फोटोत खिडक्यांना काचा नसतात. पुढच्या लाकडी गजांमागे दुहेरी काच बसवायला परवानगी नव्हती, रस्त्यावरून दिसेल असा एसी लावायला नव्हती, भिंतीत भोक पाडायला तर नव्हतीच. दुसऱ्या हिवाळ्यात आशूला खोकला लागला तो वसंतापर्यंत गेला नाही. रात्ररात्र केतकी तिला मांडीवर घेऊन बसायची, आणि नचिकेत विभागाला अर्ज लिहायचा. अर्ज अतिशय उत्तम लिहायचा. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर केतकी म्हणाली, "मी हिला घेऊन फुनाबोरीला जाते. तिथे आपली माणसं आहेत, शाळा आहे, गरम घर आहे. हिवाळ्यापुरती." त्यानं बॅगा भरून दिल्या. हिवाळा संपला, चेरी फुलून गेली, केतकीला तिथे नोकरी लागली, आशूचा खोकला थांबला, आणि 'हिवाळ्यापुरती' हा शब्द दोघांपैकी कुणीच परत काढला नाही. तो शनिवारी जायचा, रविवारी यायचा. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," केतकी सुरुवातीला चिडवायची, आणि त्याच्यासाठी थालीपीठ लावायची. नंतर चिडवायचं राहिलं. थालीपीठ मात्र असायचं.

चटईवरचा चहा टिपून त्यानं पुढच्या फळ्या उघडल्या. गजांतून रस्त्यावरचं ऊन माजघरात पट्ट्यापट्ट्यांनी आलं. हा क्षण त्याला नेहमी आवडायचा. खरं सांगायचं तर वचनाबिचनापेक्षा त्याला हा क्षणच आवडायचा. दिवसभर ऑफिसात तो एक साधा सबनीस-सान होता, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणारा, मीटिंगमध्ये शेवटी बोलणारा. पण या घराच्या फळ्या सरकवताना शेजारची म्हातारी माणसं झाडू थांबवून त्याला वाकून सुप्रभात म्हणायची. वर्षातून एकदा घर लोकांसाठी उघडं ठेवायचे तेव्हा रांग लागायची, आणि तो किमोनोवजा जाकीट घालून दाराशी उभा राहून सांगायचा, हे मिसोच्या पिंपांचं कोठार, हे बाळंतिणीचं दालन, युद्धात शहर जळालं तेव्हा आजूबाजूचं सगळं गेलं, हे राहिलं. लोक घराचे फोटो काढायचे आणि मग लाजत विचारायचे, तुमचाही काढू का? विभागाच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो होता. तो त्यानं पुण्याला पाठवला होता. आशूनं तो फोटो शाळेत नेला होता. नेला होता ना? की तो तिला 'ने' म्हणाला होता? त्याला आठवेना. रुमालावरचं रक्त आता तपकिरी झालं होतं.

गेल्या शरद ऋतूत तो हिबिनो-सानना भेटायला गेला होता, नेहमीप्रमाणे मिठाईचा डबा घेऊन. त्या खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होत्या. त्यानं सांगितलं, घर छान आहे, रोज उघडतो, अंगणातल्या झाडाला फळं आलीत. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं आणि मग हळूच म्हणाल्या, "कुठलं घर?" त्यानं पत्ता सांगितला. "अरेरे," त्या म्हणाल्या, "ते तर बाँबहल्ल्यात जळालं. मी लहान होते. आई मला पाठीवर घेऊन कालव्यापर्यंत पळाली." तो म्हणाला, "नाही, नाही, आजूबाजूची जळाली, तुमचं राहिलं. मी आज सकाळीच तिथून आलोय." त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. समजूत घालायची ती त्याची, अशा आवाजात म्हणाल्या, "फार सुंदर घर होतं. तुम्ही पाहायला हवं होतंत." परतताना गाडीत तो मोठ्यानं हसला होता. मग बराच वेळ सिग्नल हिरवा होऊनही त्यानं गाडी हलवली नव्हती. हे त्यानं केतकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आता वचन कुणाला दिलेलं आहे?

दारावरची घंटी वाजली. वारसा विभागाच्या कातो-सान आल्या होत्या. तिशीतल्या, नीटस, कायम एक पाऊल मागे उभ्या असल्यासारख्या. तो नसताना घर उघडायला किल्ली त्यांच्याकडे दिलेली होती. त्यांनी आधी त्याचं कपाळ पाहिलं, मग चौकटीकडे पाहिलं, आणि मग परत त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "लागलं का? अगदी सांभाळा." आधी चौकटीकडे पाहिलं असतं तरी त्यानं राग मानला नसता. त्यांनी विचारपूस केली, बायकोच्या तब्येतीची, मुलीची. मग दोघं माजघरात समोरासमोर गुडघे मोडून बसले, आणि कातो-साननी दातांमधून हवा आत ओढली. हा आवाज नचिकेतला चांगला ओळखीचा होता. ऑफिसात समोरच्यानं असा श्वास घेतला की प्रोजेक्ट बुडालं समजायचं.

"तुम्ही नसताना," त्या म्हणाल्या, "तज्ज्ञ मंडळी पाहणीला येऊन गेली. फळ्या आम्ही आळीपाळीनं उघडत होतो. त्याची काळजी नको. घर उत्तम आहे. म्हणजे, या तीन आठवड्यांत विशेष उत्तम वाटलं."

"छान," तो म्हणाला.

"फक्त वर, वाशांवर…" त्यांनी पिशवीतून एक पारदर्शक पाकीट काढून चटईवर ठेवलं आणि बोटानं अलगद त्याच्याकडे सरकवलं. आत कापसाचा बोळा होता. पिवळसर, चिकट. "चुलीच्या धुराचं जुनं काजळ कोरडं असतं. लाकडाला ते राखतं. पण अलीकडे त्यावर तेलाचा थर बसतोय. धूळ धरतो, कीड धरतो. स्वयंपाकघराच्या बरोबर वर. सबनीस-सान, तुमचा काही दोष नाही. खाद्यसंस्कृती आहे. आम्हीच आधी लक्षात घ्यायला हवं होतं. आमची चूक."

त्यानं पाकीट उघडलं. उघडायची गरज नव्हती, पण उघडलं आणि नाकाशी नेलं. कापसाला हिंगाचा वास येत होता. हिंग, मोहरी, हळद. केतकीच्या फोडण्या, आणि ती गेल्यावर त्याच्या एकट्याच्या, रोज संध्याकाळी फळ्या लावून झाल्यावर वाटीभर वरणाला घातलेल्या. वाटायचं, एवढं छपरापर्यंत उघडं आहे, धूर जाईल. धूर कुठेच गेला नव्हता. रोज तो वर जाऊन बसत होता, आणि हा खाली रोज वारा खेळवत होता. घर फिरलं की वासे फिरतात, असं आजोळी म्हणायचे, आणि वाशांकडे मान वर करून बघताना त्याला ते आठवलं, पण इथे घर कुठे फिरलं होतं? घर होतं तिथेच होतं. हाच इतकी वर्षं त्याचा राखणदार म्हणून मिरवत त्याला तेलकट करत होता.

"मी फोडणी बंद करीन," तो म्हणाला. स्वतःच्याच कानाला ते फार लहान मुलासारखं लागलं.

कातो-साननी पुन्हा हवा ओढली. पुढच्या वसंतापासून घरात कुणी राहू नये असं समितीचं मत पडलं होतं. लोकांना पाहण्यासाठी उघडं ठेवायचं, दोरी लावून. उघडायला-लावायला माणूस नेमता येईल. कराराचं नूतनीकरण जरा अवघड आहे. 'अवघड आहे' म्हणजे नाही, हे इतक्या वर्षांत त्याला कळत होतं. "तुम्ही फार केलंत," त्या म्हणाल्या आणि कपाळ चटईला लागेपर्यंत वाकल्या. तोही वाकला. जखम ठणकली.

त्या गेल्यावर त्यानं मिझुनो-सानना फोन करून सांगितलं, तोक्योला जातो. पलीकडून अभिनंदन आलं. फोन ठेवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं की स्वतःचंच नवल वाटलं. केतकीला फोन करायला त्यानं नंबर काढला आणि ठेवून दिला. समोर जाऊन सांगू. तिचा चेहरा बघू. फळ्या लावल्या, एक बॅग घेतली, आणि दुपारच्या शिनकानसेन गाडीत तो खिडकीशी बसला. आपल्याला घरानं बाहेर काढलं हे खरं. पण मान आधीच वाकायची थांबली होती, हेही खरं, आणि ते आधीचं होतं. कातो-सान यायच्या आधीचं. घंटी वाजायच्या आधी आपण आपटलो होतो. हा क्रम त्याला फार मोलाचा वाटू लागला. तो त्यानं मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आधी कपाळ, मग कापूस. आधी कपाळ, मग कापूस. केतकीला हे सांगितलं की पुरे. ती हुशार आहे, तिला कळेल. खिडकीबाहेर डोंगर नाही की समुद्र नाही, नुसती गोदामं मागे पळत होती आणि तो आनंदात होता. शेवटचा असा कधी होता कोण जाणे.

फुनाबोरीला उतरून त्यानं स्टेशनजवळच्या दुकानातून आशूसाठी केक घेतला. फ्लॅटची किल्ली त्याच्याकडे नव्हती. कधी लागलीच नव्हती, शनिवारी कुणी ना कुणी असायचंच, आणि या तीन आठवड्यांत केतकीची वापरली होती. त्यानं बेल दाबली.

दार आशूनं उघडलं. "एऽ, बाबा?" ती म्हणाली आणि मागे वळून आईला जपानीत ओरडून विचारलं, आज शनिवार आहे का? मग तिला आठवल्यासारखं झालं, आणि तिनं बाजूच्या कप्प्यातून पाहुण्यांच्या सपाता काढून त्याच्यासमोर नीट मांडल्या. तो बूट काढून आत आला. येताना वाकला. दाराला उंची भरपूर होती, तरी वाकला. आशू हसली नाही. तिचं लक्ष केककडे होतं.

केतकी टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. "काय रे? कालच तर गेलास. काही राहिलं का?" मग तिचं लक्ष गेलं. "कपाळाला काय झालं?"

"चौकट लागली."

"तुला?" तिनं लॅपटॉप मिटला. "त्या घरात? तुला?" क्षणभर तिच्या चेहऱ्यावर तेच आलं जे बघायला तो आला होता. ती उठली, जवळ येऊन बोटानं त्याच्या जखमेच्या कडेला हात लावला. त्याला वाटलं, आता काही बोलूच नये.

पण तो बोलला. "तोक्योची बदली घेतली. आज हो म्हटलं. आता इथेच. कायमचा."

तिचा हात खाली आला. "काल दुपारी निघालास तेव्हा तर काही ठरलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग आज काय झालं?"

आधी कपाळ, मग कापूस. गाडीत इतक्यांदा लावलेला क्रम तोंडात आला तेव्हा उलटाच आला. "घर शहर परत घेतंय," तो म्हणाला. "वसंतापासून कुणी राहायचं नाही म्हणतात. फोडणीनं वासे खराब झाले."

केतकी खुर्चीवर बसली, पोटाशी हात धरून, टाक्यांना जपत. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तू इथे आलायस, की तिथून निघालायस?"

"हे त्याच्या आधीचं आहे," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "हे आधी झालं, केतकी. मी वाकायचं विसरलो होतो."

"काय आधीचं?"

जे दिवसभर इतकं स्पष्ट होतं ते आता नुसतं एक टेंगूळ होतं. "दोन वर्षं मी विचारत होते, नचिकेत," ती म्हणाली. "दर शनिवारी. मग एकदा नाही विचारलं, आणि बघितलं, तर आमचं चाललं होतं. आता तिचं टेबल कुठे ठेवायचं, तू कुठे झोपायचं, सगळं परत…" ती थांबली. "मला विचारायचं तरी होतंस. एकदा फोन करून. आज राहा. उद्या बोलू. जेवलायस का? आशू, एक ताट घे गं."

तो हात धुवायला बाहेरच्या बाजूला आला. दाराशी आशू उकिडवी बसली होती. जमिनीवर तिचे आणि केतकीचे बूट कसेही पडलेले होते, एक आडवा, एक भिंतीशी, तोंडं आत, जशी घरच्या माणसांची असतात. आणि त्याचे बूट तिनं जवळजवळ लावून, फिरवून, तोंडं दाराकडे करून ठेवले होते. पाहुण्यांचे ठेवतात तसे. शाळेत शिकवतात. नचिकेत वाकला आणि बूट पुन्हा आतल्या बाजूला वळवायला त्यानं हात घातला.

एरवी जपानीतच उत्तर देणारी आशू मराठीत बोलली. पुण्याहून आजी-आजोबा आले की बोलते तशी, जपून, एकेक शब्द नीट लावून. "राहू देत ना बाबा. जाताना बरं पडतं."